चकरी कोण फिरवतं?

डहीला हाटाचा दिवस होता. ऑनलाइनच्या दुकानासमोर रांग होती आणि रांगेत माणसांइतक्याच चपला होत्या. पहाटे घरून निघालेल्या बायका आपल्या जागी चप्पल ठेवून मीठ-मिरची घ्यायला गेल्या होत्या. परतायची घाई कोणालाच नव्हती, कारण रांग हलत नव्हती. आत संगणकाच्या पडद्यावर चकरी फिरत होती.

मी तिथे काकींसाठी उभा होतो. धारला आमच्या घरी काकींनी कित्येक वर्षं स्वयंपाक केला. आता त्या लेकाकडे राहतात, डहीच्या खाली नर्मदेच्या अंगाला असलेल्या गावात. एका योजनेचं त्यांचं ई-केवायसी अडलं होतं. आधीच्या हाटाला त्या येऊन गेल्या, तेव्हा ‘सर्वर डाऊन’ म्हणून परत पाठवलं. या खेपेला त्यांनी मला फोन केला. “दादा, तुम्ही या. तुम्ही उभे राहिलात की तो नीट सांगतो.”

दुकानदाराने मलाही तेच सांगितलं, सर्वर डाऊन. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याची तारेची जोडणी बंद होती आणि संगणक त्याच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालला होता. मी मोबाईल बघायला मागितला. कंपनीचा मेसेज सकाळीच येऊन पडला होता: आजचा डेटा संपला, यापुढे वेग ६४ केबीपीएस. मेसेज इंग्रजीत होता. त्याने माझ्यासमोर एक छोटा जादाचा पॅक मारला. मिनिटाभरात पान उघडलं, काकींचा अंगठा लागला, हिरवी खूण आली.

म्हणजे सर्वर चालूच होता. आदल्या हाटाला काय झालं होतं हे आता कोणी सांगू शकणार नाही. या हाटाला मात्र सकाळपासून चाळीसेक माणसं सर्वरच्या नावाने ताटकळली होती, आणि त्यांची वाट एका कंपनीच्या यंत्राने ठरवून अरुंद केली होती. त्यांच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मला लिहायचंय ते या ‘ठरवून’बद्दल.

नेट नसणं वेगळं आणि नेट हळू केलेलं असणं वेगळं. टॉवर नसेल तर माणसाला कळतं, तो टेकडी चढतो. वीज गेली तर कळतं. समुद्रातली केबल तुटली तर वर्तमानपत्रात येतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा मुंबई-पुण्यातलं नेट रांगायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कारण ठाऊक होतं. पण कोणीतरी दूर बसून नळाची चावी आवळली, तर ते खालच्या माणसाला कळत नाही. तो आपला फोन झटकतो, सिम काढून पुसतो, दुकानदाराला बोल लावतो आणि शेवटी सरकारला शिव्या देतो. चावी आवळणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडी येतच नाही.

चावी कशी आवळतात ते सांगतो, त्यात गूढ काही नाही. प्रत्येक सिमच्या नावाने कंपनीच्या यंत्रणेत हिशेब चालू असतो. ठरलेला डेटा संपला की त्या सिमच्या वाटेवर नियम बसतो: सेकंदाला एवढेच बिट सोडायचे. बाकीची डेटाची पाकिटं थांबवली जातात किंवा टाकून दिली जातात. टाकलेली पाकिटं फोन पुन्हा मागवतो आणि तीही त्याच अरुंद वाटेने येतात. टॉवर तोच असतो, फोनच्या कोपऱ्यातल्या काड्याही पूर्ण दिसतात. म्हणून तर माणूस फसतो. काड्या रेंज दाखवतात, वेग दाखवत नाहीत.

आता ६४ केबीपीएस म्हणजे किती? सेकंदाला आठ किलोबाइट. स्कॅन केलेला पाच एमबीचा कागद या वेगाने वर चढवायला साडेदहा मिनिटांहून जास्त लागतात. आधारचा ओटीपी दहा मिनिटं टिकतो. म्हणजे कागद पोचायच्या आधी ओटीपी मरतो. पुन्हा ओटीपी, पुन्हा कागद, पुन्हा चकरी. २००० साली पुण्या-मुंबईच्या घरांत किरकिरत जोडला जाणारा मोडेम ५६ केबीपीएसचा होता. तेव्हा पानं हलकी होती, चार ओळी आणि एक चित्र. आजचं सरकारी संकेतस्थळ त्या मोडेमवर उघडणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची वाट देऊन आजचं ओझं वाहायला सांगणं, याला सेवा म्हणता येत नाही.

सरकारची स्वतःची व्याख्या बघा. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ती ५१२ झाली. जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे डहीच्या दुकानात सकाळी जे उरलं होतं, ते सरकारी व्याख्येच्या एकतिसाव्या हिश्शाएवढं होतं. त्याला ब्रॉडबँड म्हणता येणार नाही हे कायद्यालाही मान्य आहे, तरी पॅकवर ‘अमर्याद’ हा शब्द छापलेला असतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३१ ऑक्टोबर २०१६ ला एक चांगला आदेश काढला होता. तारेवरच्या ब्रॉडबँडची ठरलेली मर्यादा संपली तरी वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. मर्यादा किती, ती संपल्यावर वेग किती, हे ग्राहकाला आधी सांगायचं. आदेश बरोबर होता, पण वेगाचा तळ फक्त तारेवरच्या जोडणीला मिळाला. मोबाईलला मिळाला नाही. आणि तार कोणाच्या घरात आहे? इंदूरच्या विजयनगरात आहे, धारच्या वकिलाकडे आहे. डहीच्या पाड्यावर इंटरनेट म्हणजे मोबाईलच. ज्याच्याकडे दुसरी वाट आहे त्याला तळ दिला, ज्याच्याकडे एकच वाट आहे त्याला दिला नाही. हे उलटं आहे आणि ते दुरुस्त व्हायला हवं.

कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. हवेतल्या लहरी मोजक्या आहेत. एका टॉवरच्या एका अंगाला जेवढी क्षमता असते ती त्या घडीला जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. चार पोरांनी दिवसभर सिनेमे उतरवले तर पाचव्याचा फोन अडतो. मर्यादा हवी, मान्य. पण ही अडचण गर्दीची आहे. गर्दी संध्याकाळी सात ते अकरा असते. त्या वेळी सगळ्यांचा वेग थोडा उतरवला तर ते समजण्यासारखं आहे. सकाळी अकराला, टॉवर मोकळा असताना, एका दुकानाचा वेग ६४ केबीपीएसवर आणण्यात गर्दीचा काय संबंध? तिथे हेतू एकच दिसतो: माणसाने कंटाळून वरचा पॅक घ्यावा. आमच्या दुकानदाराने तेच केलं.

गर्दी सांभाळण्यासाठी वेग कमी करणं हे व्यवस्थापन. विक्रीसाठी कमी करणं ही अडवणूक. दोन्हींत यंत्र एकच वापरलं जातं, म्हणून बाहेरून फरक दिसत नाही. तो दाखवायची जबाबदारी यंत्र चालवणाऱ्याची आहे.

अडवणुकीचा इतिहास आपल्याकडे इंटरनेटइतकाच जुना आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तीनच वर्षांत, १९९८ मध्ये, त्याच निगमने इंटरनेटवरून फोन करू देणारी संकेतस्थळं अडवली. परदेशी फोनचं उत्पन्न बुडत होतं, एवढंच कारण. मुलगा अमेरिकेत आणि आई-वडील ठाण्यात अशी किती मराठी घरं तेव्हा घड्याळाकडे बघत मिनिटामिनिटाने बोलत होती! इंटरनेटवरचा फोन कायदेशीर व्हायला १ एप्रिल २००२ उजाडलं.

मग डिसेंबर २०१४. एअरटेलने इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. पोरांनी पाठवले, शिक्षकांनी पाठवले, कधी सरकारला पत्र न लिहिलेल्या माणसांनी पाठवले. मला आजही त्या महिन्याचा अभिमान वाटतो. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: मजकूर बघून डेटाचा दर वेगळा ठेवता येणार नाही. निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यातच संपली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांतच अट घातली की कंपनीने मजकूर बघून तो अडवायचा नाही, खालावायचा नाही, हळू करायचा नाही, कोणाला आधी सोडायचं नाही. अट स्पष्ट आहे.

अट इतकी स्पष्ट असूनही दोन वर्षांत पळवाट निघाली. जुलै २०२० मध्ये एअरटेलने ‘प्लॅटिनम’ आणलं: ४९९ रुपये आणि वरचे पोस्टपेड ग्राहक, त्यांना फोरजीवर आधी वाट. व्होडाफोन-आयडियाची ‘रेडएक्स’ योजना त्याआधीपासून जास्त वेगाचं आश्वासन देत होती. मजकूर बघून भेदभाव करत नाही, माणूस बघून करतो, असा तो प्रकार. ट्रायने ११ जुलैला दोन्ही योजना रोखायला सांगितल्या आणि विचारलं, बाकीच्या ग्राहकांचं काय? व्होडाफोन-आयडिया दूरसंचार लवादाकडे गेली आणि तिला तात्पुरता दिलासा मिळाला. ऑगस्टमध्ये ट्रायने तिच्या दाव्यांत पारदर्शकता नाही म्हणून कारणे दाखवा नोटीस काढली.

बाकीच्यांचं काय, हाच खरा प्रश्न आहे आणि तो आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना लवकर कळायला हवा. आमच्याकडे देवास आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांपासून एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, दुसरी दुसऱ्या पातीची. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थाही निरनिराळी. १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन झाल्या आणि ते संपलं. पाती किमान डोळ्यांना दिसत होत्या. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे रस्त्यावरच्या पोरालाही माहीत होतं. टॉवरखाली पाती पाडल्या तर त्या कोणाला दिसणार? एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाचं पान उघडेल, दुसऱ्याचं फिरत राहील, आणि दुसऱ्याला वाटेल आपलाच फोन जुना झाला.

फाईव्हजीमध्ये तर एकाच जाळ्याचे आतल्या आत वेगळे कप्पे करता येतात, प्रत्येक कप्प्याला वेगळा वेग. रुग्णवाहिकेसाठी, कारखान्यासाठी असा कप्पा ठेवला तर हरकत नाही. तो श्रीमंत ग्राहकासाठी विकायला काढला की थोरली पाती परत आली. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद फाईव्हजी रोज दोन जीबी आणि वरच्या पॅकपुरतं ठेवलं. दिशा कुठली आहे ते यातून दिसतं.

हळू केलेलं सिद्ध करणं किती अवघड आहे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००७ मध्ये रॉब टोपोलस्की नावाच्या तंत्रज्ञाला जुन्या समूहगायनाची ध्वनिमुद्रणं बिटटोरंटवरून लोकांना द्यायची होती. ती वरच चढेनात. तो नेटवर्क तपासण्यातला जाणकार, म्हणून खोलात गेला. त्याला दिसलं की कॉमकास्ट ही त्याची कंपनी मध्येच दोन्ही टोकांना ‘जोडणी तोडा’ असे खोटे निरोप पाठवते आहे. असोसिएटेड प्रेसने बायबलची प्रत पाठवून तपासलं, तिथेही तेच. कंपनीने आधी नाकारलं, मग म्हणाली आम्ही अडवत नाही, फक्त उशीर करतो. २००८ मध्ये तिथल्या संचार आयोगाने तिला दोषी धरलं. २०१० मध्ये न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण आयोगाला तसा अधिकारच नाही असं ठरलं. तिथे हे प्रकरण पुढे सरकारं बदलतील तसं उलटसुलट होत राहिलं आणि २ जानेवारी २०२५ ला न्यायालयाने देशपातळीवरचे नियम पुन्हा पाडले.

टोपोलस्की जाणकार होता म्हणून सापडलं. डहीत असा जाणकार कुठून आणायचा?

आणि वाट अरुंद झाल्यामुळे नुकसान फक्त गाण्यांचं होतं असं नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मेंडोसिनोचा प्रचंड वणवा पेटला. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी तिथल्या सगळ्या हालचालींचा मेळ घालत होती. तिच्या जोडणीचा डेटा संपला आणि व्हेरायझन कंपनीने वेग दोनशेव्या हिश्शावर आणला. पॅकचं नाव होतं ‘अमर्याद’. आग समोर आणि अधिकारी कंपनीला विनवतायत, तर उत्तर आलं वरचा पॅक घ्या. कंपनीने नंतर आपली चूक झाल्याचं कबूल केलं. आपल्याकडेही कोणी तरी असाच विनवत असेल, फक्त त्याची कुठे नोंद नाही.

आपल्याकडे सरकारने तर सगळं जगणंच या वाटेवर आणून ठेवलं आहे. डहीहून नर्मदा ओलांडली की बडवानी आणि सातपुडा उतरला की नंदुरबार. त्या जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पहिला अंगठा आदिवासी गावाचा घेतला. त्यानंतर रेशनच्या दुकानात, आमच्याकडे ज्याला कंट्रोल म्हणतात तिथे, अंगठा आला. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणं सक्तीचं झालं. शिष्यवृत्ती, पेन्शन, जमिनीचा नकाशा, सगळं त्याच वाटेने. डहीच्या बाजूची माणसं मजुरीला गुजरातेत जातात. घरी पैसे पाठवायचे तेही त्याच वाटेने. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात रेंजसाठी टेकडी चढणारी पोरं आपण २०२० मध्ये पाहिली. वाटेचा वेग हा आता चैनीचा प्रश्न राहिलेला नाही. तो रेशनाचा प्रश्न आहे.

एक सोपा उपाय लोक सुचवतात: सरकारी संकेतस्थळांना तेवढा पूर्ण वेग द्या, बाकी हळू राहू द्या. मला तो मान्य नाही. आज सरकारी पानं, उद्या सरकारला आवडणारी पानं, परवा कंपनीला आवडणारी. कोणता मजकूर पळेल हे एकदा दुसऱ्याच्या हाती दिलं की परत मिळत नाही. आणि काकींच्या नातवाने गणिताचा धडा बघितला तर तो सरकारी नाही म्हणून का अडावा? मजकुराची निवड नको. सगळ्यांसाठी तळ हवा.

तळ म्हणजे: मोबाईलच्या पॅकची मर्यादा संपली तरी वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाता कामा नये. आज तारेला जो नियम आहे तोच. यात सिनेमा चालणार नाही, पण पाच एमबीचा कागद दीड मिनिटात चढेल आणि ओटीपी जिवंत राहील. दुसरं, वेग कमी केला की ते ग्राहकाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, फोनच्या पडद्यावर सतत दिसलं पाहिजे: तुमचा वेग आम्ही कमी केला आहे. त्या दुकानदाराच्या पडद्यावर हे हिंदीत दिसलं असतं तर चाळीस माणसं सर्वरला दोष देत बसली नसती.

इथे एक गोष्ट मला फार बोचते. काश्मीरमध्ये २०२० च्या जानेवारीपासून ५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बहुतेक जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट टूजीवर ठेवलं होतं. तो सरकारचा निर्णय होता आणि तो चुकीचा होता असं माझं मत आहे. पण त्याला आदेशाचा कागद होता, कारण १० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की असे आदेश प्रसिद्ध करा, म्हणजे नागरिकाला त्यांना आव्हान देता येईल. सरकारला जे बंधन, ते कंपनीला का नाही? डहीच्या टॉवरवर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाचा वेग किती उतरवला, याचा कागद कुठे आहे?

सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने सुचवलं होतं की कंपन्यांच्या या व्यवहारांवर नजर ठेवायला कंपन्या, तज्ज्ञ आणि ग्राहक यांचं मंडळ असावं. डहीच्या दुकानदाराला मात्र आजही कुठे विचारायचं ते ठाऊक नाही. ऑगस्ट २०२४ च्या सेवादर्जाच्या नियमांत एक चांगली तरतूद आली: जिल्हा पातळीवर सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला भरपाई मिळेल. बंद पडली तर. हळू केली तर काही नाही. कंपन्यांना नकाशे प्रसिद्ध करायला लावले, त्यावर रेंजचे रंग आहेत. सकाळी अकराचा वेग त्यावर दिसत नाही. बंद पडण्याची भरपाई आहे म्हटल्यावर बंद पाडण्यापेक्षा रांगवत ठेवणं परवडतं, हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसऱ्या कंपनीकडे जा, असं म्हणणारे भेटतात. इंदूरला जाता येतं. २०१६ मध्ये देशात डझनभर मोबाईल कंपन्या होत्या. आज खाजगी तीन आणि सोबत सरकारी बीएसएनएल. पाड्यावर एकीचीच रेंज असेल तर निवड कसली?

म्हणून वाचकहो, विशेषतः धार, देवास, इंदूर, नंदुरबार, धुळे इथल्या वाचकांनो, एक करा. पुढच्या वेळी चकरी फिरली की आधी आपल्या पॅकचा उरलेला डेटा बघा. मेसेज उघडा. ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप वेग मोजतं, त्याचा फोटो काढून ठेवा. तारीख, वेळ, गाव लिहा. पॅक शिल्लक असून वेग मेलेला असेल तर १९८ वर तक्रार करा, हा नंबर फुकट आहे. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं सांगून लोकांना वर्षानुवर्षं परत पाठवलं गेलं. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जाता येतं असा निकाल दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगात फी लागत नाही. शिकलेल्यांनी आपल्यासाठी नाही तरी घरी काम करणाऱ्या बाईसाठी, शेतावरच्या माणसासाठी एक तक्रार लिहून द्यावी. २०१५ मध्ये दहा लाखांहून जास्त ई-मेल लिहिले गेले तेव्हा नियम आला होता. मोबाईलच्या तळासाठीही तसंच लिहायला हवं, ट्रायला आणि आपल्या खासदाराला.

काकी संध्याकाळच्या जीपने गावी गेल्या. निघताना त्यांनी दुकानदाराला नेहमीच्या पैशांवर दहा रुपये जास्त दिले. कसले, म्हणून मी विचारलं. “नेटचे,” तो म्हणाला. रांगेतल्या प्रत्येकाकडून त्याने ते घेतले.